पहिल्यांदाच देणगी-संध्या भरवताय?

भाऊ, परदेशी विद्यार्थ्यांसोबतच्या देणगी-संध्येची जबाबदारी घेतलीत, फार आनंद झाला. आधी पैशाचं बघा. परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली देणगीही कायद्याने परदेशी निधीच ठरते. संस्थेची एफसीआरए (परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर अशी देणगी नम्रपणे नाकारा. इथल्या देणगीदारांनाही सांगा, २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआयच बरं.

जेवणाला पनीर-नूडल्सचा बुफे कृपा करून नको. थंडीत जळगावात कार्यक्रम आहे, तर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी ठेवा. खापरावर मांडे करणाऱ्या मावशींना सगळ्यांसमोर बसवा. हातावर मांडा मोठा होताना पाहायला पाहुणी मुलं हमखास गोळा होतात. मावशींचं मानधन त्याच दिवशी द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे मात्र आधीच विचारा, आपल्या बऱ्याच भाज्यांत कूट असतं.

पाहुण्या मुलांना नुसतं फेटे बांधून नाचवू नका, मला ते पटत नाही. त्यांच्या घराबद्दल, शाळेबद्दल त्यांना बोलू द्या, आपल्या पोरांना प्रश्न विचारू द्या. एखाद्या आजीने खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं म्हटलं, तर अहिराणीचा अर्थ सांगणारं कुणीतरी शेजारी हवं. भाषणं दोनच. हिशेब आठवड्याभरात सगळ्या देणगीदारांना पाठवा.