आराखड्यावर सही करण्याआधी

ताई, शाळा व्यवस्थापन समितीवर आलात, छान झालं. आता शाळा विकास आराखडा समोर आला की बैठकीतच सही करू नका, एक रात्र घरी नेऊन वाचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तो समितीनेच तयार करायचा असतो. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. सर लिहितात आणि आपण अंगठा उमटवतो, हे चालतं खरं, पण कायद्यात तसं नाही.

आधी गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवा. बरेचदा फक्त तारीख बदललेली असते! मग यूडायसमधली (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली) आपल्या शाळेची माहिती घेऊन शाळेत फेरी मारा. 'मुलींचं स्वच्छतागृह: आहे' असं लिहिलेलं असतं, कडी लागते का, नळाला पाणी येतं का, ते तुम्हीच बघा.

खरा वेळ द्या तो शिकण्याच्या पानाला. 'गुणवत्ता वाढवणे' एवढंच लिहिलं असेल तर विचारा: तिसरीतल्या किती मुलांना उतारा वाचता येत नाही? हातच्याची वजाबाकी किती जणांची अडते? त्यांना कोण, कधी शिकवणार आणि दिवाळीनंतर तपासणार कोण?

पैशांचं सोपं आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये अनुदान, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. रंगरंगोटीचा मोह सगळ्यांनाच असतो, मलाही. आक्षेप मात्र तोंडी ठेवू नका, इतिवृत्तात लिहून घ्या.