मेंदूला मार लागलेल्या माणसाला स्वमदत गटाचा खरोखर उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी आहे: तुमचा ३४ वर्षांचा भाऊ साडेचार महिन्यांपूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोची मागून धडक बसल्याने दुचाकीवरून पडला. मेंदूतील रक्ताची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो चालतो, बोलतो, नीट जेवतो. पण क्षणात चिडतो, सांगितलेले विसरतो, दुपारपर्यंत गळून जातो आणि महापे येथील खासगी नोकरीवर परतल्यापासून त्याला दोनदा घरी पाठवण्यात आले आहे. नवा सीटी स्कॅन मात्र ठीक आहे. अशा माणसांच्या गटाचा काही उपयोग होतो का आणि कार्यालयात व सरकारी कामांत त्याची बाजू कशी मांडावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्यात राहते. २०१४ च्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर स्कूटरवर मागे बसले असताना मी पडले. माझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. अकरा दिवस आयसीयूत होते, असे मला नंतर सांगण्यात आले. ते दिवस आणि त्याआधीचा जवळजवळ एक महिना माझ्या आठवणीत नाही. आज मी नौपाड्यात भरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या एका लहान गटाचे काम पाहते. मी डॉक्टर नाही. जे लिहिते आहे ते या वाटेने गेलेली बाई म्हणून लिहिते आहे.

प्रथम स्कॅनविषयी, कारण घरातले निम्मे वाद तेथूनच सुरू होतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची मोड दिसते. मेंदूच्या पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले किंवा तुटले असतील, तर ते पुष्कळदा त्यात दिसत नाही. कपाळामागचा भाग दुखावला, तर काम सुरू करणे, मध्येच थांबणे, पुढची पायरी ठरवणे आणि राग आवरणे हे सारे बिघडते, बोलणे आणि चालणे उत्तम असले तरीही. अपघातानंतर सहा महिन्यांनी मी एकदा साखरेचा डबा हातात धरून गॅससमोर उभी होते. चहा कसा करतात हे मला पूर्ण ठाऊक होते, कोणी विचारले असते तर क्रमाने सांगितलेही असते. पण आता या क्षणी काय करायचे हे ठरत नव्हते. पाणी आटून भांडे करपले. सासूबाईंना वाटले की मी रुसले आहे. तुमच्या भावाच्या वागण्याला घरात ‘आळस’ किंवा ‘हट्ट’ म्हटले जात असेल, तर ते शब्द आधी थांबवा.

गटाचा पहिला उपयोग इथेच होतो. तिथे आलेल्या माणसाला आपली अडचण पटवून द्यावी लागत नाही. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, त्यांना नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत. एकदा ते सांगत होते की घराबाहेर पडताना त्यांनी खिसा चाचपला आणि... पुढचा शब्द येईना. त्यांचा उजवा हात हवेत काहीतरी फिरवत होता, कपाळावर घाम आला होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पुढे झुकून ‘किल्ली’ म्हणणार, इतक्यात समोरच्या एका मुलीने तळहात वर करून त्यांना थांबवले. ती स्वतः दोन वर्षे अशीच अडखळत असे. खोलीत कोणी हलले नाही. मिनिटभराने ते म्हणाले, “किल्ली. किल्ली विसरलो होतो,” आणि पुढचे वाक्य सलग बोलले. वाक्य दुसऱ्याने पुरे करायचे नाही, हा आमचा पहिला नियम त्या दिवसापासून पक्का झाला.

सुरुवातीला आम्ही चुका केल्या. दर बैठकीला एक तज्ज्ञ बोलवायचा, तासभर व्याख्यान आणि मग प्रश्न, अशी रचना होती. विसाव्या मिनिटाला निम्मे लोक पेंगू लागत, कारण मेंदूच्या दुखापतीनंतरचा थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो. नुसते लक्ष देऊन ऐकण्यानेही माणूस संपून जातो. आता आम्ही महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी दहाला, जेमतेम सव्वा तास भेटतो. लुकलुकणारी ट्यूबलाइट बंद ठेवतो आणि खिडकीजवळ बसतो, एका वेळी एकच जण बोलतो, चहा शेवटी आणि कागदी पेल्यांत, कारण कपबशांचा खणखणाट दोघांना अजिबात सोसत नाही. गणपतीच्या महिन्यात आम्ही बैठक घेतच नाही. ढोल-ताशांच्या आवाजाने आमच्यापैकी काही जण दिवसदिवस अंथरुणाला खिळतात.

नातेवाइकांसाठी पहिली तीस मिनिटे वेगळी खोली असते, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. माणूस डोळ्यांसमोर आहे, तरी ज्याच्याशी लग्न केले तो हा नव्हे, असे वाटणाऱ्या पत्नीला ते त्याच्यासमोर बोलता येत नाही आणि माहेरी सांगितले तर ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ असे ऐकावे लागते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या स्वमदत गटात, रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द आम्हीही घेतले, कारण ‘पेशंट’ म्हटले की माणूस आयुष्यभर खाटेवरच राहतो.

दोन बाबतींत आम्ही कठोर आहोत. गटात कोणी कोणाला औषध सांगत नाही. विशेषतः फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी दुसऱ्याच्या अनुभवावरून बंद करणे जिवावर बेतू शकते. दारूचाही विषय निघाला तर मी स्पष्ट सांगते की फिटचा धोका तिने वाढतो. आणि बैठकीत कोणाला फिट आलीच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचे, आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा. हे घरीही सर्वांना शिकवून ठेवा.

आता बाजू मांडण्याविषयी. माझा स्वतःचा अनुभव सांगते. दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी मी एका रुग्णालयात गेले होते. मला नाव, वार, पत्ता, शंभरातून सात वजा करणे असे विचारले गेले. मी पूर्वी हिशेबाचे काम करीत असे, त्यामुळे सारी उत्तरे बरोबर आली. ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. त्याच दुपारी मी तीन हात नाक्यावर उतरून घराचा रस्ता शोधत पाऊण तास फिरले. शांत खोलीतली दहा मिनिटे आणि गजबजलेला दिवस यांतला हा फरक तपासणाऱ्यापर्यंत आपणच पोहोचवावा लागतो, आणि तो केवळ बोलून पोहोचत नाही.

म्हणून वही ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, पण मेंदूच्या दुखापतीचे नाव त्यांत स्वतंत्रपणे येत नाही. तिचे जे परिणाम होतात, त्यांवरून दाद मागावी लागते. हातापायांत दोष राहिला तर चलनवलनाचे दिव्यांगत्व, मेंदूतील कारणाने वाचा कायमची गेली तर वाचा व भाषेचे, आणि विचार, मनःस्थिती, स्मरण किंवा भान यांच्या विकाराने निर्णयशक्ती व वागणे फार बिघडले तर मानसिक आजाराचे. या शेवटच्या प्रकारासाठी भारतात ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात आणि ती चार गोष्टी पाहते: स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. वहीत हेच चार मथळे करा. ‘फार विसरतो’ असे लिहू नका. ‘मंगळवारी आंघोळीला गेला, अंगावर पाणी न घेताच कपडे बदलून बाहेर आला, सांगितल्यावर पुन्हा गेला’ असे लिहा. कामावरून परत पाठवले, त्या दोन्ही दिवसांची तारीख, वेळ आणि नेमके काय घडले ते आजच लिहून काढा. सुधारणा झाली तर तीही प्रामाणिकपणे लिहा. पहिल्या काही महिन्यांत ती वेगाने होते आणि पुढेही हळूहळू चालू राहते, म्हणून कायमस्वरूपी प्रमाणपत्राची घाई करू नये, असे माझे मत आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांसाठीचा अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

कार्यालयाच्या बाबतीत एक भेद ध्यानात घ्या. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही, हे या अधिनियमाच्या कलम २० मधील संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. तुमचा भाऊ खासगी ठिकाणी असल्याने तेथे कलमाचा धाक दाखवण्यापेक्षा नेमकी मागणी लेखी नेणे अधिक फळते: सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, एक काम संपल्यावर दुसरे द्यावे, नोंदी करताना फोन घ्यायला लावू नये, जेवणानंतर वीस मिनिटे शांत जागी पडू द्यावे, पहिले तीन महिने अर्धा दिवस काम द्यावे. आमच्या गटातल्या एका लेखनिकाची नोकरी केवळ टेबल दारापासून हलवून भिंतीकडे तोंड करून ठेवल्याने टिकली.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. टेम्पोने धडक दिली असल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. तुमचे साडेचार महिने झाले आहेत. राहत्या जिल्ह्यातही हा दावा दाखल करता येतो, त्यामुळे ठाण्याच्या न्यायालयात चौकशी करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागा. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की वैद्यकीय प्रमाणपत्रावरील टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे. त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामावर काय परिणाम झाला ते पाहिले पाहिजे. तुमच्या वहीचे खरे मोल तेथे कळेल.

या सर्व ठिकाणी त्याच्या सोबत जा, त्याच्या ऐवजी जाऊ नका. निघण्याआधी आदल्या दिवशी त्याला विचारा की तुला स्वतःला काय सांगायचे आहे. त्याच्याच शब्दांत तीन ओळी कागदावर लिहा आणि तो कागद त्याच्या हातात द्या. समोरचा अधिकारी तुमच्याकडे पाहून ‘यांना काय होते?’ असे विचारेल. तेव्हा भावाकडे वळून गप्प बसणे फार अवघड जाते. माझ्या नवऱ्याला ते जमायला वर्ष लागले.

ब्रिटनमध्ये १९७९ पासून काम करणारी हेडवे ही संस्था मेंदूच्या दुखापतीतून वाचलेल्यांना ओळखपत्र देते. त्यावरून आम्ही मराठीत एक साधे कार्ड केले: ‘माझ्या मेंदूला दुखापत झाली आहे. माझा तोल जातो आणि उत्तर द्यायला वेळ लागतो. मी दारू प्यायलेलो नाही. कृपया या क्रमांकावर फोन करा.’ तलावपाळीवर आमच्या एका तरुणाला झोकांड्या खाताना पाहून हवालदाराने हटकले, तेव्हा या कार्डाने दोन मिनिटांत प्रकरण मिटले. ते सरकारी कागदपत्र नाही, पण त्याच्या पाकिटात असावे.

फक्त मेंदूच्या दुखापतीसाठीचे गट आपल्याकडे थोडे आहेत, म्हणून ज्या बाकांवर अशी कुटुंबे बसतात तेथे शोधा. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वाचेच्या उपचारासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, येथील थेरपिस्टना विचारा. ठाण्यात १९९० पासून काम करणाऱ्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे मानसिक आजारांसाठी स्वमदत गट ही कल्पना या शहराला नवी राहिलेली नाही. तेथेही मार्ग विचारता येईल. काहीच जमले नाही, तर फिजिओच्या दाराशी रोज भेटणारी दोन कुटुंबे आणि तुमचे एक, एवढ्यावर सुरुवात करा. आमची तशीच झाली.

भावाला प्रथम गटात न्याल तेव्हा दाराजवळची खुर्ची द्या आणि मध्येच उठायचे असेल तर उठता येईल, असे आधीच सांगा. तो बोलला नाही तरी चालेल. त्याआधी मात्र त्याच्याविषयी तुम्ही येथे विचारले आहे, हे त्याला सांगा. हे उत्तर लांब झाले आहे, तेव्हा सगळे एकदम वाचायला देऊ नका. सकाळी, टीव्ही बंद असताना, एका वेळी एक परिच्छेद, आणि प्रत्येकानंतर हे तुझ्या बाबतीत खरे आहे का, असे विचारून तो काय म्हणतो ते वहीत त्याच्याच हाताने लिहू द्या.