डोके खाली, पाय वर: खांद्याला टेकू लावण्याआधी

गोव्यातल्या फर्मागुडीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: स्त्रीरोगाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टेबल डोक्याकडे ३० अंशांपर्यंत झुकवतात आणि रुग्ण घसरतो. त्यासाठी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात टेबलाच्या कडेच्या रेलला लावायचे खांद्याचे टेकू करायचे आहेत. स्टील कोणते घ्यावे आणि पॅडिंग किती जाड असावे?

स्टीलचे पुढे सांगतो, पण आधी टेकूच बाजूला ठेवा. ३० अंशांवर उताराच्या दिशेने वजनाच्या निम्मा रेटा येतो. ८० किलोचा रुग्ण असेल तर ४० किलोचा. पाठीखाली पकड नसेल तर हा सगळा भार तळहाताएवढ्या दोन जागांवर येतो आणि तोही दोन-तीन तास. टेकू मानेकडे सरकला की मानेतून हातात जाणारा नसांचा जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, थेट दाबला जातो. दंडाकडे सरकला की खांद्याचा सांधा पायांच्या दिशेने रेटला जाऊन त्याच नसा ताणतात. हात आर्मबोर्डवर (टेबलाबाहेरच्या हाताच्या फळीवर) बाहेर काढलेला असेल तर आणखी वाईट. जागेपणी मुंग्या आल्या की माणूस अंग हलवतो. भूल दिलेला रुग्ण हलत नाही, आणि दुखापत कळते ती शुद्धीवर आल्यावर हात उचलत नाही तेव्हा.

म्हणून रुग्णाला अडवायचे नाही, पूर्ण पाठीने धरून ठेवायचे. ३० अंशांवर न घसरण्यासाठी घर्षणाचा गुणांक निदान ०.५८ लागतो, म्हणजे टॅन ३०. मी ४० अंशांपर्यंत न घसरणारे डिझाइन मागेन, कारण सलाईन आणि बीटाडीन पाठीखाली ओघळले की पकड कमी होते. चाचणी कोरडी आणि ओली, दोन्ही करा.

पकड एकाच ठिकाणी असून भागत नाही. कातडी आणि पॅड, पॅड आणि गादी, गादी आणि टेबल, असे तीन जोड आहेत आणि त्यातला सर्वांत कच्चा असेल तो सुटतो. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात: पॅड उत्तम, पण वर चादर अंथरलेली. मग रुग्ण चादरीसकट खाली येतो. पॅड उघड्या पाठीलाच लागला पाहिजे, आणि त्याचे पट्टे रेलला बांधले पाहिजेत. गादीखालचा वेल्क्रो उताराच्या दिशेने ओढ घेईल असा लावा. वेल्क्रो पृष्ठभागाला समांतर ओढीला तगतो, सोलून काढताना सहज सुटतो. त्याच्या आकड्यांत चादरीचे धागे भरतात, तेव्हा तो बदलता यावा अशी सोय ठेवा.

आता पॅडचा फोम. मेमरी फोम घेणार असाल तर मे महिन्यात कॉलेजच्या लॅबमध्ये दाबून पाहून ठरवू नका. तिथे तो लोण्यासारखा मऊ लागेल. ओटीत (शस्त्रक्रियागृहात) तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि तिथे तोच फोम कडक होतो. एसीच्या खोलीत चार तास ठेवून मगच मोजा. रुग्णाच्या पार्श्वभागाखाली हात घालून पाहा: बोटांना टेबल लागले तर फोम तळाला टेकला, जाडी वाढवा. उघडा फोम धुता येत नाही, म्हणून तो एका रुग्णापुरताच. पुन्हा वापरायचा असेल तर आवरण हवे, आणि त्याची शिवण टाळा. सुईच्या भोकांतून रक्त आत जाते आणि आपल्या पावसाळ्यात आतला फोम काही वाळत नाही. कडा उष्णतेने जोडलेल्या हव्यात.

आता स्टील, म्हणजे पट्टे रेलला धरणाऱ्या क्लॅम्पचे: आपल्या खाऱ्या हवेत आणि हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशक ब्लीचच्या) पुसण्याने ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, आधी वेल्डजवळ. ३१६ घ्या. जहाजकामामुळे वास्कोकडे आर्गन वेल्डिंग करणारे चांगले हात मिळतात. वेल्डनंतर पॅसिव्हेशन (आम्लाने धुऊन गंजरोधक थर पक्का करणे) करून घ्या आणि पाइपची तोंडे बंद करा. रेलचे माप कॅटलॉगवरून घेऊ नका. युरोपियन रेल २५ बाय १० मिमी, अमेरिकन साधारण २८.६ बाय ९.५, आणि स्थानिक बनावटीच्या टेबलांना काहीही. व्हर्नियर घेऊन ज्या ओटीत वापरणार तिथे मोजा. जराशा सैल क्लॅम्पला नॉब कितीही आवळला तरी तो कलतो. धातूचा कुठलाही भाग कातडीला लागता कामा नये. कॉटरीचा, म्हणजे ऊती कापणाऱ्या विजेच्या उपकरणाचा, प्रवाह तिथून वाट काढून भाजू शकतो.

पाय रिकाबीत (पाय उचलून धरणाऱ्या आधारात) असतील तर भार तळव्यावर यावा, पोटरीवर नको. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वरून नस जाते. तिथे काही टेकले तर पाऊल लुळे पडते. आणि हात अंगालगत बांधले असतील तर टेबलाचा पायाकडचा भाग वर घेताना बोटे सांध्यात चिरडतात. त्यामुळे तुमच्या डिझाइनमध्ये हाताचे आवरण बोटांच्याही पुढे जाऊ द्या. हा भाग कुणी मागत नाही, पण खरा उपयोगाचा हाच.

चाचणीसाठी मित्रांना टेबलावर झोपवू नका. जागा माणूस नकळत स्नायूंनी स्वतःला धरतो आणि तुमचा पॅड आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. शिवाय माणसांवर काही करायचे तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी. ८० किलो वाळूच्या पोत्यांचा धड करा आणि पाठीला डुकराची कातडी लावा. म्हापशाच्या बाजारात मागितली तर विक्रेता आधी विचित्र बघेल, मग देईल. टेबल पाच-पाच अंशांनी झुकवा, खांद्याशी टेपची खूण करा. नुसता घसरण्याचा कोन पुरत नाही. ३० अंशांवर तीन तास ठेवून किती मिमी सरकला तेही लिहा, कारण फोम हळूहळू ताणत जातो. रोबोटिक शस्त्रक्रियेत टेबलाशी न जोडलेले रोबोटचे हात जागेवरच राहतात, म्हणून रुग्ण दोन सेंटिमीटर सरकला तरी पोटातल्या छिद्रांवर ओढ बसते.

छातीवरचा पट्टा घालाच, पण फक्त राखणीला. त्याखाली सपाट हात सहज जायला हवा, नाहीतर श्वासाचा दाब चढतो आणि भूलतज्ज्ञ तो पट्टा पहिल्याच दिवशी काढून टाकतील. बकल ग्लोव्ह घातलेल्या एका हाताने, ड्रेपखालून (रुग्णावरच्या निर्जंतुक कापडाखालून) न बघता सुटले पाहिजे. हृदय थांबले तर टेबल सपाट करून छाती मोकळी करायला कुणी गाठ सोडत बसणार नाही.