पूलमध्ये बफर परत ठेवण्यापूर्वी

गो भाषेतील सिंक.पूल (वापरून झालेल्या वस्तू पुन्हा वापरण्यासाठी ठेवणारा साठा) वापरूनही तुमच्या सर्व्हरची मेमरी चढतीच राहत असेल, तर गळती शोधण्याआधी फुगलेल्या बफरांवर संशय घ्यावा. बाइट्स.बफर (मजकूर तात्पुरता साठवणारी, गरजेनुसार वाढणारी जागा) रीसेट केल्याने फक्त लांबी शून्य होते. आतला अ‍ॅरे जेवढा वाढला होता तेवढाच राहतो. त्यामुळे एखाद्या विनंतीने 50 एमबीचा अहवाल तयार केला, की तो बफर पूलमध्ये परततो आणि पुढे 2 केबीच्या उत्तरासाठीही तेवढीच जागा अडवून बसतो. गोच्या 1.13 आवृत्तीपासून पूलमधील वस्तू गार्बेज कलेक्शनच्या (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्याच्या) पहिल्याच फेरीत टाकली जात नाही, आणि दरम्यान कोणी ती उचलून परत ठेवली की तिला पुन्हा मुदतवाढ मिळते. म्हणजे रहदारी जितकी सलग, तितके हे बफर चिवट.

म्हणून पुट करण्यापूर्वी, म्हणजे पूलमध्ये परत ठेवण्यापूर्वी, बफरची क्षमता तपासावी आणि ती मर्यादेपलीकडे असल्यास बफर सरळ सोडून द्यावा. मजकुराची मांडणी करणाऱ्या गोच्या स्वतःच्या एफएमटी पॅकेजमध्ये ही मर्यादा 64 केबी आहे, पण तोच आकडा डोळे झाकून उचलू नये. आपल्या उत्तरांचे नेहमीचे आकार मोजून ठरवावा. (पीप्रॉफ या कामगिरी मोजणाऱ्या साधनात मेमरी वाटपाचा भार दिसतच नसेल, तर मुळात पूल कशाला हवा?)

याहून गंभीर बाब अशी, की बफरच्या बाइट्स मेथडने मिळालेला स्लाइस (अ‍ॅरेच्या भागाचा संदर्भ) मूळ अ‍ॅरेकडेच बोट दाखवतो. बफर परत केल्यानंतर तो स्लाइस वापरल्यास दुसरी गोरूटीन (गोमधील समांतर चालणारे काम) त्यावरच लिहू शकते आणि एका ग्राहकाचा मजकूर दुसऱ्याच्या उत्तरात जाऊ शकतो. डेटा फंक्शनबाहेर जाणार असेल, तर आधी त्याची प्रत काढावी आणि मगच पुट करावे.