नागपूरच्या थंडीत अंगणातला कोईचा हौद

8 बाय 5 फुटांचा, 2 फूट खोल सिमेंटचा हौद, त्यात कोई (रंगीत जपानी कार्प मासे), गोल्डफिश आणि एक कमळ. हीटर लावू का आणि पंप बंद ठेवू का, असं तुम्ही विचारलंय.

हीटर नको. हौदात साधारण 2200 लिटर पाणी आहे. ते नुसतं 5 अंशांनी तापवायलाच 13 युनिट वीज लागेल, आणि उघड्या हौदातली ऊब सकाळपर्यंत उडून जाईल. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता, पण एवढं पाणी गोठायला तेवढी थंडी पुरत नाही. कोई आणि गोल्डफिश ती सहज सोसतात. थंडीत मासे मरतात ते बहुधा न पचलेल्या खाद्यामुळे आणि तळाच्या गाळामुळे.

गाळ दिवाळीनंतर लगेच काढा, पाणी 20 अंशांच्या वर आहे तोवर. हौद पूर्ण रिकामा करून घासायचा मोह आवरा. पाइप लावून गाळासकट चौथा हिस्सा, म्हणजे 550 लिटरच्या आसपास, ओढून घ्या आणि कुंड्यांना घाला. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरतात, थंडीत ते पुन्हा वाढायला फार वेळ घेतात आणि तोवर माशांना विषारी असलेला अमोनिया साचत राहतो. नळाचं पाणी भरणार असाल तर दर 1000 लिटरला 15 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन घालवणारं रसायन) टाका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, ते उंचावरून फवारत पाडा. दोन्ही पाणी दुपारीच भरा.

खाद्य किती द्यायचं ते सकाळी सातला पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवर ठरवा. दुपारी ऊन पडलं की मासे वर येऊन तोंड उघडतात, त्याला भुलू नका. खाल्लेलं रात्रीच्या गारठ्यात पचायचं असतं. सकाळी 15 ते 20 अंश असेल तर दिवसातून एकदा, बाराच्या सुमारास, दोन मिनिटांत संपेल इतकंच, शक्यतो व्हीटजर्मचं (गव्हाच्या अंकुराचं, पचायला हलकं). 10 ते 15 असेल तर दोन-तीन दिवसांआड चिमूटभर. 10 च्या खाली पूर्ण बंद. उपाशी मरतील ही भीती सोडा.

पंप चालूच ठेवा, नाहीतर फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात. फक्त धबधबा असेल तर रात्री पाइपचं तोंड पाण्याखाली घ्या. उंचावरून पडणारं पाणी गार हवेत आणखी थंड होतं.

कमळाची पानं पिवळी पडून वाळतील, तो त्याचा विश्रांतीचा काळ. वाळलेले देठ पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापा. देठ पोकळ असतो. पाण्याखाली कापला तर पाणी आत शिरून कंद सडतो. खत फेब्रुवारी अखेरपर्यंत नाही.

अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर मासा वेगळ्या टबात घ्या, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावा आणि दर 10 लिटरला 30 ग्रॅम खडे मीठ टाका, एकदम न टाकता दीड दिवसात तीन हप्त्यांनी. हौदात मीठ नको, कमळ जळेल.

पानं पाण्यात पडू नयेत म्हणून हौदावर जाळी लावा आणि ती लवकर काढू नका. आपल्याकडे बदामाची पानं थंडीत गळतात, कडुलिंबाची त्याही नंतर, त्यामुळे ती होळीपर्यंत लागतेच. हिरवी शेडनेट घेऊ नका, ती ऊन अडवते. पक्ष्यांसाठीची बारीक नायलॉन जाळी पुरते.