प्लीहा वाढला की वाढली? आणि मग पानथरी म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की सोनोग्राफीच्या रिपोर्टमधे स्प्लिनोमेगाली, म्हणजे पोटात डावीकडे असणारा स्प्लीन हा अवयव वाढलाय, असं लिहिलेलं होतं, घरात एक जण म्हणाला "प्लीहा वाढला", दुसरा म्हणाला "वाढली", आजी म्हणाली "म्हणजे पानथरी झालीये", आणि गूगलवर शोधलं तर "तिल्ली" निघालं. तर यातला खरा मराठी शब्द कुठला, तो स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, आणि पानथरी हा अवयव की आजार?

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. प्लीहा आणि पानथरी दोन्ही मराठी, दोन्ही स्त्रीलिंगी. ती प्लीहा, ती पानथरी. तिल्ली हा हिंदी शब्द आहे, हिंदी मजकुराची भराभर भाषांतरं होतात त्यातून तो आपल्याकडे सांडतो, त्याची गरज नाही. आणि आजी चुकत नाहीये, उलट सगळ्यात इंटरेस्टिंग तीच बोललीये, तिच्याकडे येतोच.

लिंगाचा घोळ का होतो ते बघू. संस्कृतातला मूळ शब्द प्लीहन्, नकारान्त, पुल्लिंगी. त्याचं प्रथमेचं रूप प्लीहा. म्हणजे राजन् चं राजा, आत्मन् चं आत्मा, तसंच हे. मराठीत येताना राजा आणि आत्मा पुल्लिंगीच राहिले, पण प्लीहाला कुणी रोज हाक मारत नसल्यामुळे असेल, ती गेली भाषा, शाळा, दिशा यांच्या घोळक्यात, आकारान्त दिसली की बाई समजायचं हा आपला सरावच आहे. त्यामुळे "प्लीहा वाढला" म्हणणारा संस्कृतच्या हिशेबाने बरोबर आणि मराठीच्या हिशेबाने चूक. आपण मराठी बोलतोय, तेव्हा वाढली.

आता हे एकदा ठरलं की पुढची रूपंही ठरतात. शाळेचा, भाषेला, तसं प्लीहेचा, प्लीहेला, प्लीहेतून. लोक सर्रास "प्लीहाचे कार्य", "प्लीहाला सूज" असं लिहितात, ते कानाला खटकायला हवं खरं तर, "शाळाचे पटांगण" म्हटल्यासारखं आहे ते. स्पेलिंगचंही तेच, प्लिहा नाही, प्लीहा, दीर्घ.

जरा आणखी खोलात जायचं तर समासात गंमत आहे. राजा पण राजपुत्र, आत्मा पण आत्मचरित्र, कारण समासात नकारान्ताचा न गळतो आणि अ उरतो. त्या नियमाने प्लीहवृद्धी, प्लीहरोग व्हायला हवं. पण मराठीत प्लीहावृद्धी रुळलंय, आणि मी काही त्याच्या विरोधात मोर्चा काढणार नाही, मराठीने शब्द स्त्रीलिंगी आकारान्त म्हणूनच घेतला म्हटल्यावर विद्यावृद्धी चालते तर प्लीहावृद्धीही चालेल. (आयुर्वेदातल्या आठ उदररोगांपैकी एक आहे प्लीहोदर, त्यावरून काही ठरत नाही, कारण अ अधिक उ घ्या नाहीतर आ अधिक उ घ्या, होतो ओच.)

जाता जाता, इंग्रजी स्प्लीन आणि आपली प्लीहा या लांबच्या बहिणी आहेत. ग्रीक स्प्लेन, लॅटिन लिएन, अवेस्तातला स्पेरेझन आणि संस्कृत प्लीहन् हे सगळे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज मानले जातात, फक्त प्रत्येकाने वाटेत काहीतरी टाकलं, संस्कृतने सुरवातीचा स टाकला, लॅटिनने स आणि प दोन्ही. म्हणजे डॉक्टर स्प्लीन म्हणाले काय आणि वैद्य प्लीहा म्हणाले काय, कुळ एकच.

आता आजीची पानथरी. कुणी पाणथरी लिहितं, कुणी पांथरी, मी पानथरी लिहितो. (त्यात पान आणि थर दिसतात म्हणून लगेच व्युत्पत्ती मांडायला बसू नका, शब्द असे फोडून अर्थ निघत नसतो.) प्रश्नकर्त्याचा गोंधळ असा की "पानथरी वाढली" म्हटलं तर पानथरी हा अवयव झाला, आणि "पानथरी झाली" म्हटलं तर आजार झाला, मग नक्की कोण? तर दोन्ही. आणि याचं कारण व्याकरणात नाही, पोटात आहे.

निरोगी प्लीहा सहसा हाताला लागतच नाही. पोटाच्या डाव्या बाजूला, अगदी वर, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या खाली आणि जठराच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती लपलेली असते. लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर, वजन १५० ते २०० ग्रॅमच्या आसपास. दुखत नाही, धडधडत नाही, गुरगुरत नाही. हृदय ऐकू येतं, जठर भूक लागली की सांगतं, फुप्फुसं दम लागला की कळतात, हिचं मात्र काहीच नाही, माणूस आयुष्य काढतो आणि त्याला ही बाई आत आहे याचा पत्ताही नसतो. मग मलेरियाचे ताप पुन्हा पुन्हा येऊन गेले किंवा काळा आजार (वाळूमाशी चावून होणारा, काला-आजार) झाला की ती वाढते, दुपटीहून मोठी होते, बरगडीखालून खाली आणि तिरकी बेंबीच्या दिशेने सरकते, आणि मग पोटावर हात ठेवला की एक टणक कड लागते. बोलणाऱ्या माणसाची आणि तिची पहिली ओळख होते ती ही. ज्या गोष्टीची ओळखच आजारात होते तिला अवयवासाठी एक आणि आजारासाठी एक असे दोन वेगळे शब्द कोण कशाला करत बसेल?

आणि ही काही पानथरीपुरती गोष्ट नाही, आपण असं कायम करतो. "त्याला अपेंडिक्स झालंय", "हिला टॉन्सिल झालेत", अपेंडिक्स आणि टॉन्सिल तर प्रत्येकालाच असतात की जन्मापासून! (काढून टाकले नसतील तर.) "मला पित्त झालंय", "त्यांना शुगर आहे", "बीपी आहे". सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण आलं म्हणतो. ती गाठ आलेली नसते, ती तिथे होतीच, लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) म्हणून, फक्त जंतूंशी झगडताना सुजली म्हणून हाताला लागली. आणि प्लीहासुद्धा त्याच खात्यातली, शरीरातला सगळ्यात मोठा लसीका अवयव. म्हणजे एकाच संस्थेतल्या दोन अवयवांना भाषेने एकाच पद्धतीने नाव दिलं, सुजल्यावर. मला हे फार आवडतं.

हिंदीतसुद्धा नुसती तिल्ली आहे आणि तापतिल्ली पण आहे, तापाने वाढलेली ती तापतिल्ली. जुन्या इंग्रजीत एग्यू केक म्हणायचे, म्हणजे हिवतापाने पोटात झालेली वडी. जिथे जिथे हिवताप तिथे तिथे प्लीहेला असं घरगुती नाव मिळालेलं दिसतं. इतकं हे नातं पक्कं होतं की मलेरियाच्या पाहणीत रक्त तपासायच्या आधी पोटाला हात लावून बघायचे, २ ते ९ वर्षांच्या किती मुलांची प्लीहा हाताला लागते त्याचा टक्का काढायचा, त्याला स्प्लीन रेट म्हणतात, आणि तो ५० च्या वर गेला की त्या भागात मलेरिया अतिशय मुरलेला आहे असं धरायचं.

आता रिपोर्टवाल्या प्रश्नाकडे, कारण "पानथरी झाली" ऐकून घरात घबराट झाली असणार. वाढलेली प्लीहा हा स्वतः रोग नाही, ते लक्षण आहे, कारण वेगळं असतं आणि ते शोधावं लागतं. साध्या व्हायरल तापात, टायफॉइडमधे ती थोडी वाढते आणि ताप गेल्यावर परत जागेवर जाते. लिव्हर सिरोसिसमधे वाढते कारण प्लीहेतून निघणारं रक्त यकृताकडे जातं आणि तिकडेच रस्ता अडला की रक्त इकडे तुंबतं. थॅलेसेमियात वाढते, काही रक्ताच्या कॅन्सरमधे खूप वाढते. सिकलसेलमधे तर उलटा प्रकार, लहानपणी वाढते आणि मग पुन्हा पुन्हा रक्तपुरवठा तुटून आक्रसत जाते, मोठेपणी नावापुरती उरते. त्यामुळे वाढली म्हणजे अमुकच असं कुणी नेटवर सांगत असेल तर सोडून द्या, तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक मात्र लक्षात ठेवायचं, ठळक वाढलेली प्लीहा बरगडीच्या बाहेर येते म्हणजे तिचं कवच गेलं, अशा वेळी कुस्ती, कबड्डी, बाइकवरची मस्ती बंद, कारण मार लागून ती फाटली तर पोटात बदाबदा रक्त जातं. त्यात कधीकधी दुखतो डावा खांदा, पोट नाही, आणि माणूस खांद्याला मलम चोळत बसतो.

प्लीहेबद्दल जे मराठीत लिहिलं जातं त्यातले काही शब्द मला खटकतात तेही सांगून टाकतो. एक म्हणजे "रक्तपेशींची स्मशानभूमी". तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हातारी झाली की कडक होते, प्लीहेतल्या अरुंद फटींतून तिला वाकून जाता येत नाही, तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात, इथवर ठीक. पण पुढे तिच्यातलं लोह काढून परत अस्थिमज्जेकडे, म्हणजे हाडांच्या आतल्या गराकडे, पाठवलं जातं, नव्या पेशी बनवायला. स्मशानातून काही परत येत नाही, भंगारवाल्याकडून येतं, तर शब्दच वापरायचा तर तो वापरा. शिवाय सगळ्याच म्हाताऱ्या पेशी इथेच संपतात असंही नाही, यकृतही ते काम करतं.

दुसरा शब्द "रक्तपेढी". घोडा आणि कुत्रा यांच्या बाबतीत तो शोभतो, त्यांच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि पळायला लागले की ती आकुंचन पावून तो रक्तात ढकलते. माणसात हा प्रकार फार किरकोळ. हां, प्लेटलेट्सचा मात्र साठा खरा आहे, शरीरातल्या जवळपास एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत असतात, म्हणूनच ती फार वाढली की रक्तातल्या प्लेटलेट्स कमी दिसतात, नष्ट झाल्या असंच नाही, बऱ्याचशा तिथे अडकलेल्या असतात. आणि किरकोळ म्हटलं तरी माणसातही अपवाद आहेतच, समुद्रात श्वास रोखून बुड्या मारणाऱ्या इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असते असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, बुडी न मारणाऱ्या बजाऊंमधेही, म्हणजे सरावाने नाही, वंशपरंपरेने.

तिसरं "ग्रंथी". जुन्या पुस्तकांत प्लीहेला ग्रंथी म्हटलेलं असतं. ती ना पाचक रस बनवते ना कुठली नळी सोडते, जठराला चिकटून असली तरी पचनाशी तिचा संबंध नाही. पांढरा गर आणि तांबडा गर असे तिचे दोन भाग, तांबडा पेशी गाळतो आणि पांढरा रक्तातले जंतू ओळखून प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करायला लावतो. नुसतं अवयव म्हणा, काही बिघडत नाही. रक्ताशी तिचा संबंध आहे हे मात्र आपल्याकडे फार आधी म्हटलेलं आहे, चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा ही जोडी दिलीये. आणि गर्भात असताना प्लीहा खरंच काही काळ रक्तपेशी बनवते. यावरून "आपल्याला सगळं आधीच माहीत होतं" असं कृपया कुणी सुरू करू नका, पण जोडी चुकीची नव्हती एवढं नक्की.

एकाने असंही विचारलंय की इंग्रजीत व्हेंट वन्स स्प्लीन म्हणतात, म्हणजे साठलेला राग बाहेर काढणं, त्याचं भाषांतर काय करायचं. प्लीहा मोकळी केली असं नका करू एवढीच विनंती. युरोपात प्लीहा म्हणजे काळ्या पित्ताचं घर अशी समजूत होती म्हणून त्यांच्याकडे ती राग आणि उदासी दोन्हींची मालकीण झाली. चिनी भाषेतही स्वभाव, तापटपणा याला जो शब्द आहे, पीची, त्यात प्लीहा बसलेली आहे. मराठीत हा मान काळजाला आणि पित्ताला, काळीज तुटतं, पित्त खवळतं. तेव्हा भडास काढली, राग ओकला, पित्त खवळलं, प्रसंग बघून काहीही घ्या.

राहिला शेवटचा शब्द, स्प्लेनेक्टमी, म्हणजे ऑपरेशन करून प्लीहा काढणं. प्लीहोच्छेदन असा शब्द तयार करता येतो, संधीही बरोबर आहे, पण जिथे समोरच्याला पटकन कळणं गरजेचं आहे तिथे तो लिहू नका. प्लीहेशिवाय माणूस जगतो, बरीचशी कामं यकृत आणि अस्थिमज्जा उचलतात, पण न्यूमोकॉकससारखे कवचवाले जीवाणू रक्तातून पकडण्यात ती फार तरबेज असते, आणि ती नसताना त्यांचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून ठरवून ऑपरेशन असेल तर निदान दोन आठवडे आधी त्यांच्या लसी देतात, आणि नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नसते, लगेच दवाखाना. अशा माणसाच्या खिशात जी चिठ्ठी ठेवायची तिच्यावर "पानथरी (प्लीहा, स्प्लीन) काढलेली आहे" असं तिन्ही नावांनी लिहा, तिथे शुद्ध मराठीचा आग्रह नको, वाचणारा कोण असेल सांगता येत नाही.