पक्ष बदलला, मग माझी वर्षे कुठे गेली?

ज्या पक्षासाठी उमेदीची वर्षे घातली, त्याचीच भाषा आता ओळखू येत नाही. मग इतकी वर्षे मी चुकीच्या ठिकाणी होतो का, आणि आता घरी बसावे, दुसरीकडे जावे की तोंड मिटून तिथेच राहावे, असा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे गेल्या काही वर्षांत वाढली आहेत. त्यामागचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये निवडणूक एकत्र लढवलेले पक्ष वेगळे झाले आणि एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष सत्तेत एकत्र बसले. त्यानंतर जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, याचा निवाडा निवडणूक आयोगाकडे गेला. या घडामोडींची चर्चा सगळीकडे नेत्यांच्या अंगाने झाली. ज्यांनी सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या, त्यांच्या मनाचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

नाशिकच्या एका कार्यकर्त्याची हकिकत मी येथे त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहीत आहे. आपण त्यांना नाना म्हणू. त्यांचा पक्ष कोणता, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हीच तक्रार घेऊन वेगवेगळ्या पक्षांची माणसे आली आहेत आणि त्यांचे शब्दसुद्धा फार वेगळे नव्हते.

पंचवटीत राहणारे आणि सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले नाना माझ्याकडे राजकारणासाठी आलेच नव्हते. पहाटे तीनला जाग येते, नंतर डोळा लागत नाही, छातीत जळजळ होते आणि घरात कोणी काही बोलले की अंगावर धावून जावेसे वाटते, या तक्रारींसाठी त्यांच्या पत्नीने त्यांना आणले होते. फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या करून काही विशेष नसल्याचे सांगितले होते. "मॅडम, ह्यांना पक्षाचं काहीतरी लागलंय, पण सांगत नाहीत," असे वहिनी निघता निघता म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

हळूहळू नाना बोलू लागले. ज्या माणसाविरुद्ध त्यांनी प्रत्येक निवडणुकीत घरोघर प्रचार केला होता, ज्याच्या माणसांशी बूथवर त्यांची हातघाई झाली होती, त्याचा त्यांच्याच पक्षात वाजतगाजत प्रवेश झाला आणि स्वागताचा हार घेऊन पुढे उभे राहण्याचा निरोप नानांना आला. ते गेले, उभे राहिले, हारही घातला. पण त्यांना खरा घाव बसला तो त्यानंतरच्या बैठकीत. पूर्वी शिबिरांतून ज्या गोष्टीला विरोध करायला शिकवले गेले, तीच आता पक्षाची भूमिका म्हणून सांगितली गेली. एका तरुण कार्यकर्त्याने कारण विचारले, तेव्हा "वरून ठरलंय" एवढेच उत्तर मिळाले. "पूर्वी मीच पोरांना समजावून सांगायचो मॅडम. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्याकडं सांगायला काही नव्हतं," असे नाना म्हणाले.

अशा वेळी समुपदेशकाने पहिल्यांदा जे करायला हवे, ते म्हणजे या दुःखाला दुःख म्हणणे. १९८९ मध्ये केनेथ डोका या अभ्यासकाने शोकाच्या एका प्रकाराकडे लक्ष वेधले होते: ज्या हानीला समाज हानीच मानत नाही, तिचा शोक माणसाला उघडपणे करता येत नाही आणि म्हणूनच तो लांबत जातो. नानांचे नेमके हेच झाले होते. कोणी मेले नव्हते, कोणी लुबाडले नव्हते, मग रडायचे कशासाठी? मुलगा म्हणाला, "बाबा, सगळे पक्ष तसलेच. तुम्हालाच कळायला उशीर झाला." मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण या वाक्यामुळे नानांच्या दुःखावर मूर्खपणाचा शिक्का बसला. ज्यांच्या घरात असा कार्यकर्ता आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की 'आम्ही म्हणत होतो ना' हे वाक्य निदान काही महिने तरी गिळून टाकावे.

त्यांच्या मनात आणखी एक गाठ होती. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये बोधात्मक विसंगतीचा सिद्धान्त मांडला. आपली कृती आणि आपली श्रद्धा यांचा मेळ बसेनासा झाला की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता मिटवण्यासाठी कारणे शोधू लागतो, असा त्याचा आशय आहे. जितकी किंमत मोजलेली असते, तितके 'चुकले' म्हणणे अवघड जाते. हार घातल्यानंतर पहिले काही आठवडे नाना घरी आणि कट्ट्यावर नव्या भूमिकेची बाजू हिरिरीने मांडत होते, जुन्या मित्रांशी भांडत होते, आणि पहाटे तीनला जागे होत होते. दिवसा जे समर्थन चालत होते, ते रात्री टिकत नव्हते. हे कळल्यावर त्यांना स्वतःच्या चिडचिडीचा अर्थ लागला आणि तिची लाज वाटणे थोडे कमी झाले.

मी त्यांना पक्षाच्या कामाच्या जुन्या वस्तूंपैकी काहीही एक आणायला सांगितले. उपरणे किंवा नेत्यांबरोबरचा फोटो येईल अशी माझी अटकळ होती. नानांनी एक जुनी मतदार यादी आणली. कडा मऊ पडलेल्या, सुतळीने शिवलेल्या त्या कागदांच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी होत्या: 'मयत', 'सून मुंबईला', 'मोतीबिंदू, रिक्षा लागेल', 'रेशनकार्ड अडकले, तहसील', 'नवरा पितो, बाईंशी बोलणे'. आम्ही पानामागून पान पाहत गेलो. एका म्हातारीच्या नावापुढे चार वेगवेगळ्या निवडणुकांच्या खुणा होत्या आणि शेवटी 'आता खाटेवर' असे लिहिले होते. त्या बाईंचे मत कधीच आपल्या पक्षाला मिळाले नाही, हे नानांना पक्के ठाऊक होते. तरीही दर वेळी रिक्षा त्यांनीच आणली होती.

या यादीच्या आधाराने मी त्यांना तीन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या: ज्या मूल्यांवर विश्वास ठेवून तुम्ही आलात ती मूल्ये, ज्या संघटनेला निष्ठा वाहिली ती संघटना, आणि त्या निमित्ताने जोडली गेलेली माणसे. इतकी वर्षे हे तिन्ही धागे एकाच दोरात वळलेले होते, त्यामुळे संघटनेचा धागा तुटताच सगळा दोर तुटला, असे नानांना वाटत होते. वहीत तीन पाने करून त्यांनी लिहायला सुरुवात केली. माणसांचे पान लगेच भरले. मूल्यांच्या पानावर ते बरेच दिवस अडले, आणि माझ्या मते या सगळ्या कामात तेच पान महत्त्वाचे होते. आपण ज्याला विचारसरणी म्हणत होतो, त्यातले किती आपल्याला मनापासून पटले होते आणि किती केवळ समोरच्या पक्षाच्या रागातून आले होते, हे त्यांना पहिल्यांदाच तपासावे लागले.

पक्षाने भूमिका बदलली म्हणजे लगेच विश्वासघात झाला, असे मी मानत नाही आणि नानांनाही तसे सांगितले नाही. १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाने सुरुवातीला गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता. काँग्रेसच्या सरकारने १९९१ मध्ये आपल्याच जुन्या आर्थिक धोरणाची दिशा बदलली. कम्युनिस्ट पक्ष वैचारिक वादातून १९६४ मध्ये दुभंगला. काळ बदलतो, अनुभव येतो, आणि विचार कधीच न बदलणारा पक्षही धोक्याचाच असतो. प्रश्न असा विचारायचा की बदलाचे कारण कार्यकर्त्याला सांगितले गेले का, त्याला उलट बोलण्याची जागा होती का, आणि तो बदल सत्तेचे गणित बाजूला ठेवूनही समजावून सांगता येतो का. मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला तो याच नाशिकच्या अधिवेशनात. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशनही नाशिकला भरले. पुरुषोत्तमदास टंडन तेव्हा अध्यक्ष होते, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेले आचार्य कृपलानी पुढच्याच वर्षी पक्षाबाहेर पडले. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी एकत्र तुरुंगवास भोगला होता, त्यांनाही असे वेगळे व्हावे लागले होते. हे ऐकल्यावर नाना बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे सोडणारा प्रत्येक जण गद्दार नसतो."

पुढे काय करायचे, हा प्रश्न उरला होताच. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की संस्था घसरू लागली की माणसापुढे बाहेर पडणे आणि आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा असेल तर तो घाईने बाहेर न पडता आधी आवाज उठवतो. आपल्याकडे निष्ठा म्हणजे गप्प बसणे, असा समज रुजला आहे आणि तो कार्यकर्त्याचे फार नुकसान करतो. नानांना तर राजीनामा दिला तर काही कायदेशीर भानगड होईल का, अशीही भीती होती. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे १९८५ मध्ये संविधानात आलेले दहावे परिशिष्ट, हा खासदार आणि आमदारांसाठी आहे. साध्या सदस्याला तो लागू होत नाही, हे कळल्यावर त्यांच्या डोक्यावरचे एक ओझे उतरले.

दोन गोष्टी मात्र मी त्यांना आग्रहाने सांगितल्या. निर्णय रागाच्या भरात किंवा निवडणुकीच्या धामधुमीत घ्यायचा नाही, आणि एका पक्षाचा सूड म्हणून दुसऱ्या पक्षाचे उपरणे गळ्यात घालायचे नाही, कारण तशा प्रवेशात विचार जुन्याच शत्रुत्वाचा असतो, फक्त बाजू बदललेली असते. 'सगळेच चोर' या निष्कर्षालाही मी हरकत घेतली. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा सरसकट विधानांकडे विशेष लक्ष दिले जाते, कारण ती मनाला तात्पुरता आराम देतात आणि हळूहळू माणसाला सगळ्याच कामापासून तोडतात. झोप अनेक आठवडे लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर हा विषय राजकारणाचा राहत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा शासनाच्या टेलिमानस या १४४१६ क्रमांकाच्या हेल्पलाइनवर बोलावे. नानांनाही मी याबद्दल स्पष्ट विचारले होते. सुदैवाने त्यांची अवस्था तिथवर गेलेली नव्हती.

नानांनी शहरपातळीवर एक पत्र लिहिले. त्यात शिव्या नव्हत्या, आरोप नव्हते; आपल्याला काय शिकवले होते, आता काय सांगितले जात आहे आणि त्यामागचे कारण काय, एवढेच त्यांनी विचारले होते. त्या पत्राचे उत्तर आले नाही. बऱ्याच विचारानंतर त्यांनी बूथची जबाबदारी सोडली, सदस्यत्व मात्र नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तसेच ठेवले. वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देणे, मतदार यादीतली नावे तपासून देणे हे काम ते अजून करतात, आणि कोणी पक्ष विचारला तर "सध्या कोणाचाच नाही" असे सांगतात. झोप बरीच सुधारली आहे, पण प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्या की पुन्हा बिघडते, आणि यापुढेही काही काळ तसे होईल, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे. मुलाशी बोलणे सुरू झाले आहे. ज्या मित्राने पक्ष सोडला नाही आणि नानांना तोंडावर गद्दार म्हटले, त्याच्याकडे यंदा दिवाळीच्या फराळाला जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही; वहिनींचे म्हणणे आहे की जावे, आणि नाना म्हणतात की आधी त्याने फोन करावा.